विजेचीं पेवें : बॅटरी-साठवणकेंद्रास जमीन देण्यापूर्वीं

सोलापूर जिल्ह्यांतील जुन्या मंडळींस पेव म्हणजे काय हें सांगावयास नको. गांवच्या पांढरींत खोल खड्डा खणून, त्यास आंतून कडबा-भुशाचें अस्तर देऊन, त्यांत ज्वारी उतरवावयाची व तोंड मातीनें बुजवून ती वर्षानुवर्षें राखावयाची, अशी ती रीत होती. पेव उघडल्यावर लगेच आंत उतरूं नये, हेंही त्याच मंडळींनीं आम्हांस लहानपणीं शिकविलें. तोंड मोकळें करून पुष्कळ वेळ वारा खेळूं द्यावा, मग दोरीनें कंदील खालीं सोडावा, आणि तो तेवत राहिला तरच माणसानें पाय आंत घालावा. घाई करणारा आंत गुदमरे, व त्यास काढावयास उतरलेला दुसराही त्याच्या शेजारीं पडे. धान्य दिसावयास निर्जीव. परंतु बंद जागेंत तेंही श्वास घेत असतें, व त्यानें सोडलेल्या हवेंत माणूस जगत नाहीं.

आतां विजेचींही पेवें निघालीं आहेत. दिवसा सूर्यापासून मिळालेली वीज मोठमोठ्या बॅटऱ्यांत भरून ठेवावयाची, व दिवेलागणीस मागणी चढली कीं ती तारांत सोडावयाची, असा हा उद्योग आहे. सरकारी कागदांत यास 'बॅटरी ऊर्जा साठवण प्रणाली' असें लांबलचक नांव आहे. दिल्लींत रोहिणी येथें २०१९ सालीं १० मेगावॅट-तासांचें असें केंद्र सुरू झालें. आपल्या शेजारच्या छत्तीसगडांत राजनांदगांव येथें १०० मेगावॅटच्या सौर प्रकल्पास जोडून १२० मेगावॅट-तास साठविणारें केंद्र २०२४ सालीं चालू झालें. पुढें फेब्रुवारी २०२५ मध्यें केंद्रीय विद्युत प्राधिकरणानें असा सल्ला दिला कीं, यापुढील सौर प्रकल्पांच्या निविदांत प्रकल्पाच्या क्षमतेच्या निदान दहा टक्के इतकी व दोन तास पुरेल अशी साठवण त्याच जागीं असावी. याचा अर्थ उघड आहे. ज्या माळावर सौर तक्ते आले, त्या माळावर त्यांच्या मागून बॅटऱ्यांचीं खोकीं येणें हा आतां दूरचा प्रसंग राहिलेला नाहीं.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यांत २०२३ सालीं उपकेंद्राजवळच्या जमिनीस हेक्टरीं वर्षास १,२५,००० रुपये भाडें व दरसाल तीन टक्के वाढ असा दर ठरला. जेथें हुलगेही धड येत नाहींत अशा मुरमाड रानास हा दर पाहून कोणाचेंही मन वळेल, आणि तें वळूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. थंडीच्या रात्रीं साप-विंचवांत दारें धरून ज्यांनीं पिकें काढलीं आहेत, त्यांस दिवसाच्या विजेचें मोल दुसऱ्यानें शिकवावें असें नाहीं. आमचें सांगणें एवढेंच कीं, पेव कोठें खणावें, किती खोल खणावें, तें उघडतांना कोणीं जवळ असावें, हें जसें आपले वडील आधीं पाहून ठरवीत, तसें या पेवाचेंही पाहावें. आणि जें पाहिलें तें कागदावर आणावें.

साठा केवढा, व तो पेटतो कसा

वीज साठविणें ही कल्पना आपल्या जिल्ह्यास नवी नाहीं. उजनी धरणाच्या पायथ्याशीं १२ मेगावॅटचें जें यंत्र आहे तें उलटेंही फिरूं शकणारें आहे. पाणी खालीं उतरतांना तें वीज करतें, आणि पाणी पुन्हां वर चढविण्याचीही त्यांत सोय आहे. घाटघरचें २५० मेगावॅटचें केंद्र याच तत्त्वावर उभें आहे. तेथें वीज पाण्याच्या उंचीच्या रूपानें साठते, आणि पाणी पेट घेत नाहीं. बॅटरींत ती रासायनिक रूपानें साठते, व सारा फरक येथेंच पडतो.

एका खोक्यांत किती वीज मावते याचा हिशेब शेतकऱ्यास समजेल असा मांडूं. एक मेगावॅट-तास म्हणजे एक हजार युनिट. वीस फुटी कंटेनरांत हल्लीं सुमारें पांच मेगावॅट-तास, म्हणजे ५,००० युनिट वीज राहते. पांच अश्वशक्तीची मोटार तासास ढोबळ मानानें पावणेचार युनिट खाते. तेव्हां एका खोक्यावर अशी मोटार १,३०० तासांहून अधिक, म्हणजे रोज आठ तास धरले तर साडेपांच महिने चालेल. एवढें बळ एका लोखंडी खोक्यांत दाबून भरलेलें असतें. आणि केंद्रावर अशीं खोकीं एक-दोन नव्हे, रांगेनें उभीं असतात.

खोक्याच्या आंत हजारों लहान घट असतात. प्रत्येक घटांत दोन पत्रे, त्यांमध्यें एक नाजूक पडदा, व भोंवतीं पेट घेणारा द्रव अशी रचना असते. पडदा फाटला कीं घटांतील सारी शक्ति आंतल्या आंत मोकळी होते. तो फाटण्यास कारणें अनेक आहेत : घट भरला असतांही भरीत राहणें, बाहेरची उष्णता, वाहतुकींत बसलेला धक्का, कारखान्यांतच राहिलेली खोट, अथवा थंडाव्यासाठीं फिरविलेलें पाणीच कोठें पाझरून आंत शिरणें. ओल्या कडब्याची गंज रचली तर ती आंतून तापते, तापल्यानें आणखी तापते, आणि एके दिवशीं बाहेरून काडी न लागतां धूर निघूं लागतो, हें आपण पाहिलेलें आहे. येथेंही प्रकार तोच; मात्र गंजीस आठवडे लागतात, घटास कांहीं क्षण पुरतात. एक घट आपल्या शेजाऱ्यास तापवितो, तो पुढच्यास तापवितो, व ही साखळी एकदां लागली कीं विजेचा खटका पाडून ती थांबत नाहीं. उष्णतेस बाहेरच्या हवेचीही मोठीशी गरज नसते. म्हणून आग गुदमरवून मारण्याचे नेहमींचे उपाय येथें अपुरे पडतात. पाणी मारावयाचें तें पेटलेलें खोकें विझविण्यापेक्षां शेजारचीं खोकीं थंड राखण्यासाठीं. शिवाय विझली असें वाटलेली बॅटरी कांहीं दिवसांनीं पुन्हां पेटल्याचीं उदाहरणें आहेत.

घट तापले कीं त्यांतून हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड व इतर ज्वलनशील वायु बाहेर पडतात, आणि त्यांबरोबर हायड्रोजन फ्लोराइड हा अति जाळणारा विषारी वायुही निघूं शकतो. येथें पेवाची आठवण नीट ठेवावी. परंतु एक भेद विसरूं नये. पेवांतली हवा कंदील विझविते, ही हवा कंदिलानें भडकते.

इतरत्र काय घडलें

अमेरिकेंतील ॲरिझोना प्रांतांत सरप्राइज नांवाच्या गांवीं १९ एप्रिल २०१९ रोजीं दोन मेगावॅट-तासांच्या लहानशा केंद्रांतून धूर निघूं लागला. आंतील आग विझविणारा वायु आपोआप सुटला होता; तरी घटांची साखळी चालूच राहिली. सायंकाळीं, धूर दिसल्यानंतर दोन-अडीच तासांनीं, अग्निशामक जवानांनीं दार उघडलें. आंत कोंडलेल्या वायूस बाहेर जाण्यास वाट ठेवलेलीच नव्हती. दार उघडल्यावर थोड्याच वेळांत स्फोट झाला व चार जवान गंभीर जखमी झाले. ते प्रशिक्षित होते, साधनें चांगलीं होतीं. आंत काय कोंडलें आहे हें सांगणारा माणूस व कागद मात्र त्यांच्या हातीं नव्हता.

बीजिंग शहरांत १६ एप्रिल २०२१ रोजीं झालेल्या स्फोटांत दोन जवान प्राणास मुकले. तेथील घट लोह-फॉस्फेट जातीचे होते. हें मुद्दाम सांगावयाचें कारण असें कीं, "आमचे घट लोह-फॉस्फेटचे, त्यांस भय नाहीं" असें दलालाच्या तोंडीं हमखास येतें. निकेल-कोबाल्टच्या घटांपेक्षां हे घट उष्णता अधिक सोसतात व सहसा इतके भडकत नाहींत, हें खरें. परंतु तापल्यावर तेही वायु सोडतात, आणि न पेटतां कोंडून राहिलेला वायु पेटलेल्या वायूपेक्षां कमी घातक असतो असें नव्हे.

ऑस्ट्रेलियांत व्हिक्टोरिया प्रांतीं गीलाँग शहराजवळ ३० जुलै २०२१ रोजीं नव्या केंद्राची चांचणी चालू असतां एक खोकें पेटलें. थंडाव्याचा द्रव आंत पाझरला होता, आणि त्या खोक्याची देखरेख करणारी यंत्रणा त्या वेळीं बंद होती. वारा जोराचा असल्यानें ज्वाळा शेजारच्या खोक्यावर झुकल्या व तेंही गेलें. आग आटोक्यांत येण्यास तीन दिवस लागले. परंतु शेंकडों खोक्यांपैकीं दोनच जळालीं, व कोणास इजा झाली नाहीं. खोकीं एकाच इमारतींत न कोंडतां उघड्यावर सुटीं मांडलीं होतीं, याचा हा गुण. दोन गंजींमध्यें वाट सोडावी ही आपली रीत तेथें खरी ठरली.

उलट उदाहरण कॅलिफोर्नियांतील मॉस लँडिंगचें. तेथें जुन्या वीजकेंद्राच्या यंत्रशाळेंत, एकाच छताखालीं, बॅटऱ्या रचल्या होत्या. १६ जानेवारी २०२५ रोजीं आग लागली, हजाराहून अधिक लोकांस घरें सोडावीं लागलीं, हमरस्ता बंद झाला, आणि जवानांनीं ती आग जळूं दिली. दुसरा उपाय नव्हता. भोंवतालचा मुलूख भाजीपाल्याच्या शेतीचा आहे. पुढें संशोधकांस जवळच्या दलदलीच्या वरच्या मातींत निकेल, मँगॅनीज व कोबाल्ट या धातूंचें प्रमाण वाढलेलें आढळलें. शेतकऱ्याचा प्रश्न येथें सुरू होतो. ज्याची जमीन भाड्यानें दिलेली आहे त्यास भाडें मिळत राहील. परंतु वाऱ्याच्या खालच्या अंगास ज्याची मेथी उभी आहे त्याच्या मातीची तपासणी कोणीं करावयाची?

दक्षिण कोरियांत २०१७ ते २०१९ या काळांत अशा केंद्रांस २३ आगी लागल्या. सरकारनें चौकशी-समिति नेमली, व तिनें दाखविलेल्या कारणांत हयगयीनें केलेली मांडणी, आणि धूळ व ओल यांपासून राखण न करणें हीं होतीं. माळावरची वैशाखांतली वावटळ ज्यानें पाहिली आहे, व पारा ४३-४४ अंशांवर गेला असतां लोखंडी पत्र्यास हात लावून पाहिला आहे, त्यानें हें वाक्य दोनदां वाचावें. खोक्यांतील थंडाव्याचें यंत्र विजेवरच चालतें. बाहेरची वीज गेली, तर तें किती तास व कशावर चालणार, हा प्रश्न आपल्या हवेंत इतर सर्व प्रश्नांच्या आधीं विचारावयाचा.

एवढें वाचून कोणीं असें समजूं नये कीं, हीं केंद्रें म्हणजे केवळ संकट होय. केंद्रें वाढलीं त्या मानानें आगींचें प्रमाण २०१८ नंतर पुष्कळ घटलें आहे, आणि तें वर सांगितलेल्या अपघातांतून शिकूनच घटलें आहे. प्रश्न आपण दुसऱ्याच्या अपघातावरून शिकावयाचें कीं आपल्या, एवढाच आहे. सोलापुरास आगीचें शिक्षण नव्यानें देण्याची गरज नाहीं. १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतींतील टॉवेलच्या कारखान्यास आग लागून आठ जीव गेले. तो कारखाना शहरालगत होता. खेड्याच्या माळावर बंब पोंचावयाचा तो तालुक्याच्या नगरपरिषदेचा, नाहीं तर साखर कारखान्याचा, व तोही रस्ता असेल तर.

कायदा कोणाच्या हातीं आहे

या विषयांत कायदा नाहीं असें म्हणणें चुकीचें होईल. तो चार दफ्तरांत विभागलेला आहे, असें म्हणावें. विजेचा अधिनियम २००३ सालचा. डिसेंबर २०२२ च्या नियमांनीं साठवण हा वीज-व्यवस्थेचाच भाग धरला गेला. त्या अधिनियमाच्या ५३ व्या कलमाखालीं सुरक्षिततेचे विनियम केंद्रीय विद्युत प्राधिकरण करतें. हल्लींचे विनियम २०२३ सालचे आहेत. ठराविक दाबावरील मांडणी विद्युत निरीक्षकाच्या मान्यतेवांचून चालू करतां येत नाहीं. याच विनियमांत बॅटरी-साठवणीसाठीं स्वतंत्र प्रकरण घालण्याचा मसुदा प्राधिकरणानें २०२५ सालीं सूचनांसाठीं प्रसिद्ध केला. ज्याच्यापुढें करार आला असेल त्यानें त्या दिवशीं कोणता पाठ अंमलांत आहे हें विद्युत निरीक्षकाच्या कचेरींत अर्ज देऊन विचारावें, व उत्तर लेखी घ्यावें.

आगीपुरता राज्याचा कायदा म्हणजे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. त्यानें मालक अथवा भोगवटादार यावर उपाययोजना ठेवण्याची जबाबदारी टाकली आहे, आणि परवानाधारक संस्थेकडून ती चालू स्थितींत असल्याचा दाखला दरसाल जानेवारींत व जुलैंत देण्यास सांगितलें आहे. परंतु या कायद्याची सारी रचना इमारत डोळ्यांपुढें ठेवून केलेली आहे. उघड्या माळावरचीं खोकीं ही इमारत कीं नव्हे, हा वाद आग लागल्यावर वकिलांनीं घालावा यापेक्षां करारांतच "या अधिनियमाप्रमाणें दाखला दरसाल दोनदां ग्रामपंचायतीस दिला जाईल" असें एक वाक्य घालणें स्वस्त पडतें.

'मालक' या शब्दावरही क्षणभर थांबावें. जमिनीचा मालक शेतकरी, यंत्राचा मालक कंपनी, चालविणारा तिसराच ठेकेदार, असें पुष्कळदां असतें. नोटीस आली कीं ती सात-बाऱ्यावरचें नांव पाहून येते, हा आमचा अनुभव आहे. म्हणून आगीच्या, विजेच्या व प्रदूषणाच्या सर्व कायद्यांखालील भोगवटादार भाडेकरूच समजला जाईल, असें स्पष्ट लिहून घ्यावें.

अपघात झाल्यास काय? विजेच्या अधिनियमाचें १६१ वें कलम असें आहे कीं, माणूस अथवा जनावर दगावलें किंवा जखमी झालें तर त्याची खबर विद्युत निरीक्षकास द्यावी लागते, व चौकशी होऊं शकते. बैल गेला तरी हें कलम लागतें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. नुसतें पीक जळालें तर मात्र तें लागत नाहीं. भरपाईच्या बाबतींत सर्वोच्च न्यायालयाचें धोरण कडक आहे. दिल्लींतील वायुगळतीच्या प्रकरणीं डिसेंबर १९८६ मध्यें न्यायालयानें ठरविलें कीं, घातक उद्योग चालविणारास हयगय नव्हती ही सबब सांगतां येत नाहीं. आणि २००२ सालीं रस्त्यावर पडलेल्या विजेच्या तारेनें एक मनुष्य मेला, त्या प्रकरणींही वीज मंडळ जबाबदार धरलें गेलें. तत्त्व चांगलें आहे. परंतु तत्त्व सिद्ध करावयास पुरावा लागतो, आणि पुराव्याविषयीं आम्हांस आमच्याच दफ्तरांतील एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे.

एक पंचनामा

आम्ही महसुलाच्या कारकुनींत असतां, एका फाल्गुनांत एका गांवीं तीन एकर ऊस जळाला. तोडणी आठ-दहा दिवसांवर आली होती. वरून तारा गेलेल्या, दोन खांबांमध्यें त्या इतक्या लोंबलेल्या कीं वारा सुटला म्हणजे एकमेकींस घासून ठिणग्या पडत, हें गांवांतल्या पोरासोरांसही ठाऊक होतें. पंच म्हणाले, "साहेब, तारांनींच लागली." आम्हीं विचारलें, "यापूर्वीं कोणीं अर्ज दिला होता?" तोंडी दहा वेळां सांगितलें होतें, कागद एकही नव्हता. आम्हीं कारणाच्या रकान्यांत 'अज्ञात' असें लिहिलें. नियमाप्रमाणें तें बरोबर होतें. संबंधित कचेरीनें त्या एका शब्दावर बोट ठेवून मागणी परत केली. तो शेतकरी पुढें दोन वर्षें कचेरींत येत असे, आणि आम्हांस नमस्कार करीत असे. त्या नमस्काराचा भार अद्याप उतरलेला नाहीं. त्या दिवशीं आम्हीं तारांची उंची मोजून ती पंचनाम्यांत नोंदली असती, तरी पुष्कळ झालें असतें. मोजण्याचें कोणाच्या मनांत आलें नाहीं.

म्हणून या लेखांत आम्ही कागदावर इतका भर देतों. बॅटरीच्या केंद्राजवळ ज्याचें रान आहे त्यानें केंद्र चालू होण्यापूर्वींच आपल्या विहिरीच्या पाण्याची व वरच्या थरांतील मातीची एकदां तपासणी करून तिचा दाखला घरीं ठेवावा. पुढें कांहीं घडलें तर 'आधीं काय होतें' याचा तोच एक साक्षीदार. खर्च केंद्राच्या मालकानें द्यावा असा ग्रामसभेनें ठराव करावा. न दिल्यास स्वतः करावा.

भाडेपट्ट्यांतील शब्द

एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणी अधिनियम, १९०८ प्रमाणें नोंदलेलाच असावा लागतो, व त्याची नोंद सात-बाऱ्याच्या इतर हक्कांत यावी, हें वाचक जाणतातच. त्यांनीं यापुढें एका शब्दावर डोळा ठेवावा. तो शब्द 'अनुषंगिक'. "सौर प्रकल्प व त्यास अनुषंगिक मांडणी" असें लिहिलें असलें म्हणजे त्या एका शब्दांत तारा, खांब, चौकीदाराची खोली, आणि उद्यां बॅटऱ्यांचीं वीस खोकींही मावूं शकतात. बॅटरी येणार नसेल तर तसें लिहावें. येणार असेल तर किती मेगावॅट-तासांची, कोणत्या जातीची, गटाच्या कोणत्या कोपऱ्यांत, हें नकाशासह लिहावें, व त्यांत वाढ करावयाची झाल्यास नवी संमति लागेल असें म्हणावें. पोटभाडेकरू ठेवण्याची मोकळीक देऊं नये. दिली तर जबाबदारी मूळ भाडेकरूवर कायम राहील असें घालावें. जळालेल्या अथवा निकामी बॅटऱ्या कोणीं व किती दिवसांत उचलावयाच्या हेंही त्यांत असावें. बॅटरी-कचऱ्याचे २०२२ सालचे नियम उत्पादकावर त्या परत घेण्याची जबाबदारी टाकतात, पण उत्पादक दूर असतो व खोकें आपल्या बांधावर.

कंपनीच्या माणसास आणखी एक विचारावें : एक घट मुद्दाम पेटवून साखळी पुढें जाते कीं थांबते हें पाहण्याची जी यू. एल. ९५४०ए नांवाची चांचणी आहे, तिचा निकाल याच जातीच्या खोक्यासाठीं झालेला आहे काय? असेल तर त्याची प्रत बंबवाल्यांस द्यावी. जो "सर्व कांहीं सुरक्षित आहे" एवढेंच म्हणतो व प्रत देत नाहीं, त्याच्याशीं घाईनें व्यवहार करूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

अंतराविषयीं. अमेरिकेंतील एन. एफ. पी. ए. ८५५ या मानकांत इमारती, हद्द, रस्ता व ज्वालाग्राही साठे यांपासून १०० फुटांहून दूर असलेली मांडणी 'दूरस्थ' धरलेली आहे, आणि मांडणीभोंवतीं १० फुटांचा पट्टा गवत-झुडपांपासून मोकळा ठेवण्यास सांगितलें आहे. दहा फूट हे हिरवळीच्या देशांत पुरत असतील. आपल्याकडे वाळलेल्या पाचटाची ठिणगी बांध ओलांडून जाते, हें प्रत्येक ऊसवाल्यानें पाहिलें आहे. आणि धोका दोन्हीं बाजूंनीं आहे, कारण पेटलेला ऊस खोक्यांसही तापवील. तेव्हां कुंपणापासून निदान शंभर फूट ऊस, कडब्याची गंज, गोठा वा वस्ती असूं नये, असें आम्ही म्हणतों. तो पट्टा भाड्यांत धरून घ्यावा, म्हणजे शेजाऱ्याचें रान फुकट अडत नाहीं. उन्हाळ्यांत व पावसाळ्यांत आपल्याकडे वारा बहुधा पश्चिमेकडून येतो, हिवाळ्यांत पूर्वेकडून. उन्हाळ्याचा धोका मोठा धरून केंद्र वस्तीच्या पूर्व अंगास असेल तर बरें. खोक्यांच्या दारांचें व वायु सोडणाऱ्या झडपांचें तोंड रस्त्याकडे अथवा विहिरीकडे असूं नये.

पाण्याचा प्रश्न दुहेरी आहे. शेजारचीं खोकीं थंड राखण्यास तासन्‌तास पाणी लागतें, आणि आपल्या तालुक्यांत चैत्रानंतर तें कोठून आणावयाचें हें आधींच ठरलेलें असावें. केंद्राच्या आवारांत स्वतंत्र टांकी असावी, शेजाऱ्याच्या शेततळ्यावर भिस्त नसावी. दुसरें असें कीं, मारलेलें पाणी दूषित होऊन उताराकडे वाहतें. तें ओढ्यांत वा विहिरींत न जातां अडून राहील असा बांध व खड्डा उताराच्या टोंकास पाहिजे. या गोष्टी आंखणीच्या वेळीं थोडक्यांत होतात. मागून होत नाहींत.

न्यूयॉर्क प्रांतांत २०२३ सालीं लागोपाठ तीन केंद्रांस आगी लागल्यावर तेथील सरकारनें खात्यांची एक समिति बसविली. तिच्या शिफारशींत दोन आम्हांस विशेष वाटल्या : स्थानिक अग्निशामक दलास केंद्रावर नेऊन प्रशिक्षण द्यावें, आणि संकटांत जाणकार माणूस तत्काळ दूरध्वनीवर व कांहीं तासांत जागेवर मिळावा. आपल्याकडे हें काम आपत्ति व्यवस्थापन अधिनियम, २००५ प्रमाणें जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा प्राधिकरणाकडे नेतां येईल. ग्रामपंचायतीनें ठराव करून केंद्राचा संकटकालीन आराखडा त्या प्राधिकरणाकडे, तालुक्याच्या बंबाकडे व पोलीस पाटलाकडे आहे कीं नाहीं हें विचारावें. त्यांत मराठींत एक पान असावें : धूर दिसल्यास दार कोणीं उघडूं नये, किती दूर थांबावें, कोणास कळवावें, वारा कोणत्या अंगाचा असतां कोणती वस्ती हलवावी.

जातां जातां घरच्या बॅटरीविषयीं. फवारणी-पंपाची, विजेच्या दुचाकीची किंवा इन्व्हर्टरची बॅटरी रात्रभर उंबऱ्याशीं भरावयास लावून त्याच दाराआड निजण्याची संवय गांवोगांव पडली आहे. लिथियमच्या बॅटरीचा स्वभाव लहान-मोठी पाहून बदलत नाहीं, आणि शिशाची बॅटरी भरतांना हायड्रोजन सोडते. बॅटरी फुगली, पडली अथवा भिजली असेल तर ती पुन्हां भरूं नये. भरावयाची ती दिवसा, डोळ्यांसमोर, मोकळ्या ओसरीवर, कडब्यापासून व कीटकनाशकांच्या डब्यांपासून लांब भरावी.

ज्या वाचकांच्या गांवीं सौर अथवा साठवणकेंद्रासाठीं जागेची मागणी आली असेल, त्यांनीं भाडेपट्ट्याच्या मसुद्याची नक्कल, नांवें व गट क्रमांक झांकून, या मासिकाकडे पाठवावी. आम्ही तो वाचून कोणते शब्द बदलून घ्यावे तें कळवूं. नक्कल सहीपूर्वीं पाठवावी.